नवी रोड बाइक, साईज ५१ : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

जुनी सायकल वळणावर जीव लावते आणि तीन तासांनी जीव खाते. कालच्या ९० किमीनंतर डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका रात्री उशिरापर्यंत बधिर होती. कुलूप उघडताना किल्ली दोनदा हातातून निसटली. तळहाताच्या कडेने अल्नर नस जाते. ती हँडलवर दाबली गेली की नेमकी हीच दोन बोटं झोपतात.

तेव्हा आजपासून नोंदवही. नवी रोड बाइक घ्यायची आहे आणि मागणी साधी आहे: पाच तास बसता यावं, आणि वळताना सायकलची मनधरणी करावी लागू नये. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आराम हवा की वेग?" वेग माझ्या पायांत आहे तेवढाच राहणार, त्याची काळजी नाही. मला चपळपणा हवाय. उतारावरच्या वळणात नुसती मान वळवावी आणि सायकल आधीच तिकडे निघालेली असावी. जुनीत हे आहे. ते गमवायचं नाही.

मापं: उंची १६२ सेमी, पायाची आतली लांबी ७५, वजन ५८ किलो.

८ जानेवारी

संध्याकाळ जुनीची मापं घेण्यात गेली. फ्रेम ५४ साईजची, मला लागते ५१. घेतली तेव्हा दुकानात तेवढीच शिल्लक होती आणि "सीट खाली केली की झालं" असं मला सांगण्यात आलं होतं. सीट खाली झाली, हँडल लांबच राहिलं. रीच ३८३ मिमी, स्टॅक ५५०. (रीच म्हणजे पेडलच्या क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडल जिच्यात फिरतं त्या पुढच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, स्टॅक म्हणजे उभं.) मूळचं १०० मिमीचं स्टेम (हँडलला पुढे धरणारा तुकडा) काढून ७० चं बसवलं, सीट रुळांवर होती नव्हती तेवढी पुढे सरकवली, तरी कोपर ताठच राहतात. ताठ कोपर म्हणजे खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट तळहातात. म्हणजे बोटांचं दुखणं रस्त्यापेक्षा लांबीचं असावं, असा आजचा संशय.

हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी कोन, फोनने मोजला. फोन हेड ट्यूबला टेकवून धरला तर ७२ आला, सायकल उलट दिशेला तोंड करून उभी केली तर ७३. फरशीलाच अर्धा अंश उतार निघाला. सरासरी ७२.५. फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याचा) ऑफसेट, म्हणजे चाकाचा आस हेड ट्यूबच्या रेषेच्या किती पुढे, ४५ मिमी, हा कंपनीच्या तक्त्यातून. तो घरी मोजायच्या भानगडीत पडू नये.

यावरून ट्रेल काढला. हेड ट्यूबची रेष तशीच खाली जमिनीपर्यंत ओढली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सामानाच्या ट्रॉलीचं चाक आपल्या खिळीच्या मागे फरफटत सरळ होतं, तसंच हे. ट्रेल जास्त तर पुढचं चाक सरळ राहण्याचा हट्ट जास्त. हिशेब असा: चाकाची त्रिज्या गुणिले कोनाचा कोसाइन, त्यातून ऑफसेट वजा, मग भागिले कोनाचा साइन. रोड बाइकच्या रिमवर टायर बसतो तो व्यास ६२२ मिमी, म्हणजे त्रिज्या ३११. २५ मिमी जाडीचा टायर धरून ३३६. जुनीचा ट्रेल ५८.८ मिमी.

हा माझा 'चपळपणा', आकड्यात. निदान तसं आज वाटतंय.

११ जानेवारी

तीन सायकली यादीत. नावं लिहीत नाही. क, ख, ग पुरे.

क ही 'एन्ड्युरन्स' म्हणून विकली जाते. हा प्रकार पॅरिस-रूबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांना धरून वाढला. शर्यत १८९६ पासूनची, पण तिच्या नावाने आरामाची रोड बाइक विकणं अलीकडचं. स्पेशलाइज्डने आपल्या सायकलचं नावच रूबे ठेवलं, ट्रेकने २०१२ मध्ये डोमाने आणली तेव्हा सीटची नळी वरच्या नळीपासून सुटी करून तिला लवायला जागा दिली. कल्पना उत्तम आहेत. पण दुकानात 'एन्ड्युरन्स' या शब्दाचा अर्थ आता 'हँडल उंच आणि सायकल लांब' एवढाच उरलाय.

क चं कौतुक सगळीकडे वाचलं. आरामशीर असूनही वळणाला चपळ, वगैरे. मग तक्ता उघडला आणि अर्धा तास त्यातच अडकले.

कौतुक करणारे बहुतेक ५६ साईज चालवतात. त्या साईजमध्ये क चा हेड अँगल ७३, ऑफसेट ४५, टायर ३२. ट्रेल ५७.८. छान. माझ्या ५१ मध्ये अँगल ७१, ऑफसेट तोच ४५, टायर तोच ३२. ट्रेल ७०.५.

तीनदा करून पाहिलं. ७०.५ च.

कारण सरळ आहे. चाक सहसा सगळ्या साईजना ७०० चंच (तेच, ६२२ व्यासाच्या रिमचं) असतं. फ्रेम आखूड केली की पुढचं चाक पायाच्या बोटांवर येतं, म्हणून छोट्या साईजमध्ये हेड अँगल झुकवून चाक पुढे ढकलतात. कोन झुकला की ट्रेल वाढतो. तो परत आवरायचा तर छोट्या साईजसाठी जास्त ऑफसेटचा वेगळा फोर्क करावा लागतो, म्हणजे वेगळा साचा, म्हणजे खर्च. काही कंपन्या करतात. क वाल्यांनी एकच फोर्क सगळ्यांना दिलाय.

म्हणजे ज्या सायकलचं कौतुक मी वाचलं ती मला विकतच मिळणार नाही. नाव तेच, रंग तोच, सायकल दुसरी.

१२ जानेवारी

बाकीच्या दोघी, माझ्या साईजमध्ये. ख ही रेसची: अँगल ७२.५, ऑफसेट ४५, टायर २८, ट्रेल ५९.७. व्हीलबेस (दोन चाकांतलं अंतर) ९७५, स्टॅक ५१५, रीच ३७५. ग ही मधली, कंपनीला स्वतःलाच तिला काय म्हणावं ते ठरलेलं दिसत नाही: अँगल ७१.५, पण छोट्या साईजना ५२ ऑफसेटचा वेगळा फोर्क. टायर ३२, ट्रेल ५९.९. व्हीलबेस ९८८, स्टॅक ५३८, रीच ३७०.

ग चा कोन नुसता वाचला असता तर 'आळशी' म्हणून यादीतून उडवली असती. ट्रेल मात्र रेसवाल्या ख इतकाच आहे.

क चा व्हीलबेस १००८, स्टॅक ५४५, रीच ३६५. आरामाच्या बाबतीत कागदावर तीच पुढे.

१८ जानेवारी

क ची पहिली फेरी. स्वतःची सीट आणि पेडल घेऊन गेले. सीट बदलली की निम्मा अनुभव बदलतो, मग तुलना कसली? मेकॅनिकने पिशवीकडे बघून विचारलं, "ताई, चाकं घरीच ठेवलीत का?"

फेरी भयंकर. ३२ चे टायर असून खडबडीत पट्ट्यावर दात वाजले. जुनी २५ वाली यापेक्षा मऊ, असं मनात म्हटलं आणि तसंच लिहिणार होते. परत आल्यावर सहज म्हणून स्वतःचा प्रेशर गेज लावला. ६.५ बार! रिमवर स्पष्ट छापलेलं: कमाल ५ बार. हूकलेस रिम आहे, म्हणजे टायरची कड अडकवायला आत ओठच नाही. तिथे ५ च्या वर जाणं फक्त कडक नाही, धोक्याचं आहे. हवा भरणारा पोरगा म्हणाला, रोड बाइकला आम्ही एवढीच भरतो.

मेकॅनिकने त्याला बाजूला घेतलं. मी आजची फेरी रद्द केली.

२५ जानेवारी

क, पुन्हा. या वेळी पुढे ३.३, मागे ३.६ बार, गेज माझा. दुसरीच सायकल. खडबडीत पट्टा अंगावरून गेला, हातात आला नाही.

चाचणीचा क्रम आता पक्का केला, तिन्हींना हाच. आधी खडबडीत पट्टा. मग रिकाम्या मैदानात तीन-तीन मीटरवर पाण्याने भरलेल्या आठ बाटल्या ठेवून त्यांच्यामधून नागमोडी. मग चढ, मुद्दाम ताशी ८ किमीने, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर पुढचं चाक ठेवून शंभर मीटर. पट्टी किती वेळा सुटली ते मोजायचं. शेवटी उतारावरची चार वळणं.

नागमोडीत क वळते, पण सांगावं लागतं. आतल्या हाताने हूड (ब्रेकच्या मुठीची रबरी पकड) किंचित पुढे ढकलायचा, सायकल एक क्षण थांबून विचार करते, मग वळते. बाटली दुसरी-तिसरी येईपर्यंत मी मागे पडलेली असते. चढावर उलटा त्रास: वेग नसला की हँडल एकदा एका बाजूला कललं की तिकडेच पडायला बघतं. याला व्हील फ्लॉप म्हणतात. ट्रेल गुणिले साइन गुणिले कोसाइन. क चा २१.७ मिमी, ख चा १७.१, ग चा १८. पट्टी ११ वेळा सुटली.

म्हणजे वेगात हट्टी आणि हळू असताना लोळणारी. उतारावर मात्र सरळ रेषेत हिच्यासारखी दुसरी नसेल. एका हाताने जॅकेटची चेन लावली, ढिम्म हलली नाही. लांबच्या सपाट रस्त्यांना कुणी ही घेतली तर मी नाही म्हणणार नाही.

१ फेब्रुवारी

ख. बाटल्यांमधून सुई-दोऱ्यासारखी. पट्टी ३ वेळा सुटली. उतारावरच्या तिसऱ्या वळणात मध्येच रेषा बदलावी लागली, रस्त्यावर खडी होती; मनात यायचा अवकाश, ती बदललीसुद्धा. परतताना तोंडात गाणं होतं.

आता दुसरी बाजू. स्टॅक ५१५ म्हणजे जुनीपेक्षा हँडल ३५ मिमी खाली. मेकॅनिकने स्टेमखाली स्पेसर (कड्या) चढवून चढवून ३० मिमीपर्यंत आणले आणि थांबला. "याच्या वर नाही, कार्बनची नळी आहे." तेवढ्यानेही मानेला पाऊण तासात कळलं. टायर ३० च्या पुढे बसत नाही. २८ मध्ये ४.४ बार ठेवले तर उखडलेल्या रस्त्यावर वळताना मागचं चाक जरा जरा उडत बाहेर सरकत होतं. गंमत अशी की गुळगुळीत वळणावर सर्वांत चपळ तीच, आणि खराब वळणावर मला ब्रेक तिच्यावरच लावावे लागले. जमिनीला न टेकलेलं चाक वळत नाही.

हे आधी कुणी सांगितलं नव्हतं मला. मऊपणा आणि चपळपणा तराजूची दोन पारडी आहेत असंच धरून चालले होते.

८ फेब्रुवारी

ग. तीन तास चालवू दिली, त्या दुकानाचे उपकार. पुढे ३.३, मागे ३.६, क सारखंच.

खडबडीत पट्ट्यावर क च्या उन्नीस-बीस. बाटल्यांमधून साफ, ख पेक्षा अर्धं पाऊल मागे. पट्टी ४ वेळा. उतारावर खराब वळण होतं तिथे तर ख पेक्षा वेगात गेले, कारण टायर रस्त्याला धरून होता.

खोट: वळसा घेऊन मागे फिरताना, अगदी हळू, बुटाचं टोक पुढच्या टायरला लागलं. बोटभर. पाय टेकवला, पडले नाही. क वाल्यांनी जे टाळायला कोन झुकवला ते हेच. चालत्या सायकलवर हँडल इतकं कधी फिरत नाही, फक्त चालण्याच्या वेगात फिरतं. मला चालेल. गर्दीतून सिग्नलला थांबत-थांबत रोज जाणाऱ्याने मात्र दोनदा विचार करावा. दुकानातल्या सायकलला १७० चे क्रँक होते, १६५ बसवले तर पाच मिमी सुटतील, आणि माझ्या पायांना तसेही तेच बरे.

९ फेब्रुवारी

प्रश्न राहिला. ख आणि ग चा ट्रेल जवळपास सारखा, तरी दोघी सारख्या का वाटल्या नाहीत? आणि जुनी, ट्रेल ५८.८, ती दोघींपेक्षाही जास्त 'जिवंत' का वाटते? रविवार वाचनात घालवला.

डेव्हिड जोन्स या रसायनशास्त्रज्ञाने १९७० मध्ये 'न चालवता येणारी सायकल' बनवायचा घाट घातला होता. पुढच्या चाकाशेजारी दुसरं चाक उलटं फिरवून त्याने भोवऱ्याचा परिणाम (फिरतं चाक स्वतःला उभं धरतं तो) मारून टाकला. तरी सायकल चालवता आलीच. निष्कर्ष त्याने ट्रेलच्या बाजूने काढला, आणि पुढे ट्रेल म्हणजेच सगळं असं लोक धरून चालले. मग २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक सायकल आली: भोवऱ्याचा परिणाम रद्द, ट्रेल शून्याच्याही किंचित खाली, आणि ढकलून सोडली की माणसाशिवाय स्वतःला सावरत जाणारी. तिथे काम केलं होतं वजनाच्या मांडणीने.

तेव्हा माझा लाडका आकडा एकटा पुरेसा नाही. पुढच्या चाकावर वजन किती, हँडल किती रुंद, स्टेम किती लांब, दोन चाकांत अंतर किती, सगळ्यांची पंचायत बसते. ट्रेल फार तर सरपंच.

१५ फेब्रुवारी

आता वजनाची मांडणी. दोन वजनकाटे, एक घरचा, एक शेजारून आणलेला. आधी दोन्हींवर एकेकदा उभी राहिले. शेजारच्यांचा ३०० ग्रॅम जास्त दाखवतो, तेवढे वजा. एकेका चाकाखाली एकेक काटा, मी हूडवर हात ठेवून नेहमीसारखी बसलेली, आणि भाऊ समोरून हँडल फक्त तोललेलं धरून.

"हलू नकोस."

"तू आधी श्वास बंद कर, पुढचा काटा नाचतोय."

जुनी: एकूण ६७.५ किलो, त्यातले पुढच्या चाकावर २८.९, म्हणजे ४२.८ टक्के. मग हेच सामान पिशवीत घालून दोन्ही दुकानांत. (ख आधीच बाद, तिच्यावर दुखलेली मान आठवते.) क वर ६७.४ पैकी २५.५, ३७.८ टक्के. ग वर ६६.८ पैकी २७.३, ४०.९ टक्के. ग च्या स्टेमखाली तेव्हा २० मिमी स्पेसर होते. ते कमी केले की धड थोडं पुढे येणार आणि आकडा वाढणार.

जुनी जिवंत का वाटते याचं निम्मं उत्तर इथे आहे. ती मला लांब पडते, म्हणून मी तिच्या पुढच्या चाकावर ओणवी होते. तेच वजन चाकाला धरून ठेवतं आणि तेच तळहातांतून जातं. जी गोष्ट आवडते आणि जी दुखते, दोन्ही एकाच ओणवेपणातून.

मेकॅनिक काटे बघून काही बोलला नाही. त्याने मोबाइलवर फोटो काढला.

१६ फेब्रुवारी

खर्च शून्य, प्रयोग एक. जुनीचं हँडल ४२ सेमी रुंद आहे, माझे खांदे ३८. भावाच्या जुन्या सामानात ३८ चं मिळालं, बसवलं. बोटांचा बधिरपणा तीन तासांवरून चार तासांवर गेला. तोच हात कमी हलवून तेवढंच वळण मिळतं, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं सायकल बिथरल्यासारखी वाटली, मग सवय झाली. नव्या सायकलला ३८ चंच हँडल.

२२ फेब्रुवारी

आराम नक्की कुठून येतो, याचा एकदाचा निकाल लावायचा होता, कारण दुकानात जो तो फ्रेमच्या कार्बनचे गोडवे गातो. फ्रेम दोन त्रिकोणांची. उभ्या दिशेने ती लवते ते टायरपुढे नगण्य. सायकलींवर लिहिणाऱ्या फ्रँक बर्टोचा जुना हिशेब असा की बसल्यावर टायर त्याच्या उंचीच्या १५ टक्के दबला पाहिजे. ३२ च्या टायरला म्हणजे पावणेपाच मिमी. एवढी स्प्रिंग साध्या फ्रेममध्ये नाही.

टायरच्या खालोखाल सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी. तिचं लवणं बाहेर किती उरते यावर आहे, आणि तेही घनाच्या पटीत: २०० ऐवजी २४० मिमी बाहेर असेल तर १.२ चा घन, सुमारे पावणेदोन पट. म्हणून वरची नळी उतरती, पोस्ट जास्त बाहेर, अशा फ्रेमचा फायदा. ही चाल सायकल डिझायनर माइक बरोज यांनी जायंट कंपनीच्या टीसीआर सायकलमधून १९९० च्या दशकाच्या शेवटी रूढ केली. फ्रेमच्या साईज कमी लागाव्यात हाही हेतू होता, पण माझ्यासारखीला लवचीक पोस्ट फुकटात मिळाली. ग ला २७.२ ची साधी गोल पोस्ट आहे, तीही जाड ३१.६ वालीपेक्षा जास्त लवते आणि मोडली तर कुठेही मिळते. जमेची बाजू.

तर माझा हिशेब असा बसतोय: वळण्याचा स्वभाव फ्रेम आणि फोर्क ठरवतात, तो नंतर फारसा बदलत नाही. आराम टायर, हवा, पोस्ट आणि बसण्याच्या मापांतून येतो, तो नंतर हवा तसा लावता येतो. मग फ्रेम वळणासाठी निवडायची. फक्त तिच्यात ३२ चा टायर बसायला जागा आणि स्टॅक माझ्या मानेपुरता असला की झालं. मी सुरुवात बरोबर उलटी केली होती.

जाड टायरने वळणं बिघडतील ही भीती होती, म्हणून तोही हिशेब केला. ग वर २८ लावले तर ट्रेल ५८.६, ३२ लावले तर ५९.९. सव्वा मिमीसाठी मी हाडं का खिळखिळी करू?

१ मार्च

ग ची ऑर्डर दिली. साईज ५१, क्रँक १६५, स्टेम ८०, हँडल ३८. "विकल्या गेलेल्या सायकलचं हँडल बदलून मिळत नाही" असं आधी सांगितलं, मग ऑर्डर द्यायच्या आधी बदला म्हटल्यावर मिळालं.

८ मार्च

काही नाही. वाट बघणे.

१५ मार्च

आली. पहिलं काम कॅलिपर. टायरवर ३२ छापलंय, भरतो ३३.४, रिमची आतली रुंदी २३ मिमी आहे, टायर तेवढा पसरतो. फ्रेमच्या चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्या) दोन्ही बाजूंना बोट जातंय, जागा भरपूर. ट्रेल पुन्हा काढला, ६०.४. (हो, आता हे व्यसन आहे.)

सीटची उंची पायाच्या लांबीच्या ०.८८३ पट, ६६.२ सेमीपासून सुरुवात.

२३ मार्च

७० किमी. पुढे ३.३ बार जरा कडक, ३.१ केले. उतारावर पुढचं चाक हलकं वाटतंय. वळणाच्या तोंडाशी एक क्षण काहीच कळत नाही, मग पकडतं. काट्यावर बसले: ४०.९, दुकानात होते तितकेच. स्पेसर अजून २० मिमीच आहेत.

३० मार्च

१० मिमी स्पेसर स्टेमखालून काढून वर ठेवले. नळी कापायची नाही, किमान दोन महिने. काटा: २८ किलो, ४१.९ टक्के. मानेचं अजून काही म्हणणं नाही.

बदल एवढासा, पण वळणाच्या तोंडाशी जो क्षण हरवत होता तो परत आला. डाव्या वळणात बघितलं आणि ती निघाली.

स्पेसरवरच्या टोपीचा बोल्ट जास्त आवळला होता, हँडल फिरवताना मध्यभागी अडकायचं. पाच किमी मी टायरला दोष देत होते.

६ एप्रिल

१२० किमी, सायकलवर पाच तास दहा मिनिटं. खडबडीत पट्टा जाताना आणि येताना. ही नोंद घरी आल्या आल्या लिहितेय, दहाही बोटांनी. पाठीत थोडं आहे, ते माझ्याच आळसाचं. मागे फिरताना बूट एकदा लागला, १६५ च्या क्रँकनेही. तो लागणारच.

१३ एप्रिल

जुनी भावाला दिली. त्याची उंची १७६. मूळचं १०० चं स्टेम डब्यात जपून ठेवलं होतं ते बसवलं, ४२ चं हँडल परत लावलं, सीट वर आणि मागे. २५ च्या पुढे टायर जात नाही, त्याला इलाज नाही. दोन तासांनी घामाघूम परत आला.

"हात?"

"हातांना काय झालंय? ताई, ही विकायला काढणार होतीस तू?"

उरलेली कामं: ग च्या स्टेमचे बोल्ट पुन्हा ५ न्यूटन-मीटरला तपासणे, शेजाऱ्यांचा काटा परत करणे.